नापास शून्य, वगळलेल्या एकतीस

ऑफिसात त्यांना सगळे तारकाका म्हणत. बावीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या तारा जोडण्यात घालवली होती. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसायचं, शंभर-शंभर जोड्यांची केबल रंगावरून ओळखत जोडायची आणि वर येऊन सांगायचं, "बोला आता." मग तांब्याच्या तारांचे दिवस संपले, ते खातंच बंद झालं, आणि ऐन पन्नाशीत तारकाका एका नव्या कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

ही कंपनी जाडजूड शब्दकोशाएवढा एक डबा बनवायची. दवाखाने, शाळा, कारखाने अशा ठिकाणी तो भिंतीला टांगला जाई आणि तिथलं सगळं नेटवर्क सांभाळी. त्याच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असे, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे प्रोग्राम उड्या मारतात. त्याला कर्नेल म्हणत. "आज नवा कर्नेल येणार आहे" हे पहिल्या दिवशी ऐकून काकांनी शर्ट नीट खोचला होता आणि केसांवरून कंगवा फिरवला होता. कुणी सैन्यातले साहेब येणार, अशी त्यांची समजूत. ही गोष्ट त्यांनी आपण होऊनच सगळ्यांना सांगून टाकली, त्यामुळे तिच्यावरून त्यांना चिडवण्यात कुणाला मजा उरली नाही.

काकांचं काम ठरलेलं होतं. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर त्याच्या नेटवर्कच्या चाचण्या येत. जगभरातली माणसं मिळून तो कर्नेल लिहितात, त्यांनीच या चाचण्याही लिहिलेल्या. शेकडो छोटे छोटे प्रोग्राम. काकांनी ते आपल्या टेबलावरच्या यंत्रावर 'बांधायचे', म्हणजे लिहिलेल्या ओळींतून चालते प्रोग्राम तयार करायचे, 'इन्स्टॉल'ची आज्ञा देऊन एका फोल्डरात गोळा करायचे, त्या फोल्डरचं पॅकेज बनवायचं आणि ते पॅकेज रॅकमधल्या बारा डब्यांवर चढवायचं. डब्यात जागा बेताचीच. मूळ लिखाणाचा पसारा तिथं मावत नाही. पॅकेजमधून जे गेलं तेवढंच तिथं असतं. मग बाराही डब्यांवर चाचण्या चालत, दोन तासांनी निकाल येई आणि त्याची शेवटची ओळ अशी असे: पास ४६३, नापास ०, वगळलेल्या ३१.

"या वगळलेल्यांचं काय?" काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

विचारलं होतं झटपटला. हा तिशीतला प्रोग्रामर. डब्यातल्या नेटवर्क कार्डाशी बोलणारा भाग तो लिहायचा, आणि कुठलंही काम सांगितलं की "झटपट करतो" म्हणायचा, म्हणून हे नाव. कामाला तसा वाघ होता.

"त्यांच्याकडे बघू नका काका," तो म्हणाला होता. "आपल्या डब्याला वायफाय नाही, मग वायफायची चाचणी आपणहून बाजूला होते. तसल्याच असतात त्या. नापास शून्य आहे ना? बिनधास्त सही करा."

काकांनी सही केली. पुढचे चौदा महिने करत राहिले.

*

तक्रार आली ती रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातून. लोक मदतीसाठी फोन करतात तो तिथं लागतो. त्यांच्याकडे बाहेर जाणाऱ्या दोन लाइनी होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य पडली तर डब्यानं क्षणात राखीव लाइनवर जायचं, बोलणाऱ्याला कळतासुद्धा कामा नये, हेच त्या डब्याचं मोठं कौतुक होतं. डबा बसवून तीन आठवडे झाले, एका सकाळी मुख्य लाइन पडली, आणि सहाही फोनवरचा आवाज चाळीस सेकंद बंद.

"राखीव लाइनवर जाण्याची चाचणी आपल्याकडे आहे," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. त्या कमी बोलत आणि बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत. "निकालात नापास शून्य आहे. मग हे झालं कसं?"

"वायरिंग," झटपट म्हणाला. "एखादी केबल सैल बसली असणार. काका, तुम्हीच जोडून आलात ना तिथं?"

काकांनी आपली पिशवी उचलली, पक्कड आणि टेस्टर आहे ना ते पाहिलं आणि थेट नियंत्रण कक्ष गाठला.

तिथं एका ओळीत सहा टेबलं, प्रत्येकावर दोन पडदे आणि एक हेडफोन. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाई वयानं सगळ्यांत मोठ्या होत्या. बाकीच्या त्यांना ताई म्हणत होत्या. काका भिंतीजवळ गुडघ्यावर बसून एकेक तार तपासू लागले, तशा त्या पाण्याची बाटली घेऊन जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी फोनवर होते," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर केली.

"एक माणूस होता. त्याचे वडील स्वयंपाकघरात कोसळलेले. गाडी निघाली होती, पण ती पोचेपर्यंत छाती दाबायची होती. मी मोजत होते, तो दाबत होता. एक, दोन, तीन... सतरापर्यंत आले आणि तिकडचा आवाज गेला."

"मग?"

"मग काय? मी मोजतच राहिले. म्हटलं, मला ऐकू येत नसलं तरी त्याला येत असेल, तर?" ताईंनी बाटलीचं झाकण उगाच फिरवलं. "चाळीस सेकंदांनी आवाज आला. तो मोजत होता. मोठमोठ्यानं, एकटाच."

"आणि वडील?"

"नवव्या दिवशी चालत घरी गेले." त्या किंचित हसल्या. "पण दर वेळी समोरचा असा खमका निघेलच, असं नाही ना."

काकांनी त्या दिवशी तिथली प्रत्येक तार काढून पुन्हा बसवली, टेस्टरनं तपासली. एकही सैल नव्हती. परत येऊन त्यांनी तसं सांगितलं.

"तपासताना बसली असेल नीट," झटपट पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

बावीस वर्षांत काकांच्या जोडणीबद्दल एकही तक्रार आली नव्हती. पावसाळ्यात आख्ख्या वस्तीचे फोन मुके होत, तेव्हा लोक म्हणत, "त्यांची जोडणी असेल तर दुसरीकडे शोधा." आज या पोरसवद्या माणसाचं बोलणं त्यांना लागलं. पण त्याहून जास्त डोक्यात घोळत होता तो सतरा हा आकडा.

*

काकांची बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून तिची नजर अशी झाली होती की दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व तिला चालत्या बसमधून दिसे, आणि तो दिसला की पुढचे दोन थांबे ती अस्वस्थ असे.

रविवारी सकाळी काका निकालाचा जाडजूड गठ्ठा छापून घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलेले पाहून ती म्हणाली, "अहो, हे काय? सुट्टीच्या दिवशी माझा धंदा करायला लागलात?"

"अगं, यात कुठंतरी काहीतरी आहे. मी तीनदा वाचलं. सगळं ठीकच दिसतंय."

"तुम्हाला ते ठीक असायला हवंय, म्हणून ठीक दिसतंय." तिनं आपली स्टीलची पट्टी आणून त्यांच्यापुढे टाकली. "मागून पुढे वाचा. शेवटच्या ओळीपासून, पट्टी वर सरकवत. एका वेळी एकच ओळ. पुढून वाचलं की माणूस अर्थाबरोबर वाहवत जातो, अक्षरं दिसत नाहीत."

काका मागून वाचू लागले. तिनं चहा केला, भाजी निवडली, कपडे वाळत घातले. अकराच्या सुमाराला काकांची पट्टी थांबली.

"इकडे ये जरा."

ओळ इंग्रजीत होती, पण सरळ होती. मुख्य लाइन पडल्यावर राखीव लाइनवर जाणे: वगळली. कारण: सोबतीचा प्रोग्राम सापडला नाही. तिच्यावर आणखी एक तशीच. आणि वर आणखी दोन.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे ही चाचणी झालीच नाही." काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौदा महिन्यांत एकदाही झाली नाही. आणि खाली सही माझी."

ती त्यांच्या शेजारी बसली. पण सांत्वनाचं काही बोलली नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. एवढंच म्हणाली, "उरलेलं पण वाचून काढा. एक चूक सापडली म्हणून पान संपत नाही."

*

सोमवारी सकाळी काका सगळ्यांच्या आधी आले. त्या चार चाचण्यांना एक छोटा सोबती लागत होता. एका बाजूनं सतत माहिती पाठवत राहणारा, दुसऱ्या बाजूला मध्ये किती खंड पडला ते मोजणारा, असा प्रोग्राम. काकांनी आपल्या यंत्रावर पाहिलं. तो तिथं होता, नीट बांधलेला, चाचणीला अगदी खेटून. मग त्यांनी पॅकेज उघडून पाहिलं. तिथं चाचण्या होत्या, सोबती नव्हता.

कारण शोधायला तास गेला. पॅकेजमध्ये काय काय घ्यायचं याची एक यादी असते, त्या यादीप्रमाणेच 'इन्स्टॉल' फायली उचलतं. यादीत चार चाचण्यांची नावं होती. सोबत्याचं नाव लिहायचं राहून गेलं होतं. एवढंच. एक शब्द.

ही यादी कंपनीची नव्हती. चाचण्यांबरोबर बाहेरून, त्या जगभरच्या मूळ लिखाणातूनच आलेली होती.

सोबत्याचं नाव यादीत घालून, पॅकेज पुन्हा बनवून काकांना गप्प बसता आलं असतं. "आज चाचणी नापास झाली" एवढं सांगितलं असतं तरी कुणी मागचं उकरलं नसतं. हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि चहाचा कप संपेपर्यंत तिथं बसून राहिला. मग दहाच्या बैठकीत काका उभे राहिले. एरवी तिथं सगळे बसूनच बोलत.

"राखीव लाइनची चाचणी आपण कधी घेतलीच नाही," ते म्हणाले. "पॅकेजमध्ये तिचा सोबती जात नव्हता. चाचणी स्वतःला वगळत होती आणि निकालात तसं छापूनही येत होतं. मी वाचलं नाही. चौदा महिने सही माझी आहे."

मॅडमचं टोपण थांबलं.

"शक्यच नाही," झटपट म्हणाला. "माझ्या मशीनवर ती चाचणी दर आठवड्याला पास होते."

"तू जिथं बांधतोस तिथंच चालवतोस. सोबती शेजारीच बसलेला असतो. डब्यावर फक्त पॅकेज जातं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झटपटचं झालं होतं. मग त्यानं मान खाली घातली आणि, हळू आवाजात का होईना, म्हणाला, "मॅडम, वगळलेल्यांकडे बघू नका, असं काकांना मीच सांगितलं होतं."

"कुणी काय सांगितलं ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी चाचणी घ्या. आत्ता."

दुपारी रॅकमधल्या बाराही डब्यांवर नवं पॅकेज चढलं. सगळे रॅकसमोर उभे होते. आठ डबे पास झाले. चार नापास. खंड: चाळीस सेकंद, एकेचाळीस, चाळीस, चाळीस.

"बाप रे," झटपट म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच घाई नव्हती.

चारही डब्यांत एकाच जातीचं नेटवर्क कार्ड होतं. नियंत्रण कक्षातल्या डब्यातही तेच. मुख्य लाइन सोडून राखीव लाइनवर गेल्यावर डब्यानं शेजारच्या स्विचला, म्हणजे माहिती ज्याच्या-त्याच्या तारेवर पाठवणाऱ्या पेटीला, ओरडून सांगायचं असतं, 'आता मी या दारात उभा आहे, माझं टपाल इकडे द्या.' या कार्डावर ते सांगणंच राहून जात होतं. बिचारा स्विच जुन्या दारातच टपाल टाकत बसे, आणि आपण होऊन शहाणा व्हायला त्याला चाळीस सेकंद लागत. चूक झटपटनं पाच महिन्यांपूर्वी बदललेल्या ओळींत होती. त्याच्या टेबलावरच्या यंत्रात कार्ड वेगळं होतं, म्हणून ती त्याला कधी दिसली नाही.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. या वेळी तो एकदाही "झटपट" म्हणाला नाही. दर बदलानंतर तो काकांच्या टेबलाशी येई, काका पॅकेज बनवत, डब्यांवर चढवत, आणि दोघं मिळून निकाल वाचत. मागून पुढे.

"हे उलटं का वाचतो आपण?" त्यानं विचारलं.

"घरची पद्धत आहे," काका म्हणाले.

गुरुवारी बाराही डब्यांवर चाचणी पास झाली. खंड: सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी.

*

दुरुस्त केलेला कर्नेल घेऊन काका पुन्हा नियंत्रण कक्षात गेले. सोबत मॅडमही होत्या. त्या तासाभरासाठी शहराचे फोन दुसऱ्या केंद्राकडे वळवले होते. डबा पुन्हा सुरू झाला, तसे काका ताईंच्या टेबलाजवळ गेले.

"तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "हा डबा तपासून पाठवला, त्या निकालावर सही माझी होती. पण ही नेमकी गोष्ट तपासली गेलीच नव्हती. तसं निकालात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं."

मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी टोपण मुठीत घट्ट धरलं होतं.

"आम्हाला तुमच्या कंपनीचं पत्र आलं त्यात 'तांत्रिक कारण' असं होतं," ताई म्हणाल्या.

"ते तसंच लिहितात."

"हं." त्या खुर्चीत मागे टेकल्या. राग आला होता, तो त्यांनी लपवला नाही. "मी कॉल घेताना पत्ता चुकीचा लिहिला तर गाडी भलत्याच दारात जाते. आम्हाला प्रत्येक पत्ता फोनवर परत म्हणून दाखवायला लागतो. तुमच्याकडे असं काही नाही?"

"नव्हतं," काका म्हणाले. "आता ठेवतोय. काय झालं, काय झालं नाही आणि का नाही, हे सगळं वाचल्याशिवाय सही होणार नाही."

"बरं." त्यांनी हेडफोन कानाला लावला. "दाखवा मग."

डबा टांगला होता त्या शेजारच्या खोलीत काका गेले, आपल्या मोबाईलवरून त्यांनी ताईंना फोन लावला. "बोलत राहा," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही."

ताई मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. ठाम, सारख्या लयीत, छाती दाबायच्या वेगात. काकांनी फोन खांद्यावर धरला, उजवा हात डब्यामागे घातला. नऊ. दहा. अकराला त्यांनी मुख्य लाइनची तार उपटली. डब्यावरचा एक हिरवा दिवा गेला आणि दुसरा लागला.

"बारा," ताई म्हणाल्या. "तेरा. चौदा. पंधरा. कधी काढताय तार?"

"काढली," काका म्हणाले. "केव्हाच."

पलीकडे एकदम शांतता झाली. मग हसू ऐकू आलं, ताईंचं आणि त्यांच्यामागे आणखी पाच जणींचं.

"पुन्हा काढा," ताई म्हणाल्या. "सगळ्यांच्या टेबलांवर करून दाखवा. मला परत म्हणून दाखवलेलं आवडतं."

सहाही टेबलांवर झालं. ताईंनी स्वतः दोन वेळा तार उपटली.

*

कंपनीचं काम झालं होतं. पण परतीच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या, "काका, ती यादी आपली नाही. बाहेरच्या मूळ लिखाणात ती चूक अजून तशीच आहे. जगात जो कोणी या चाचण्या पॅकेज करून चढवत असेल, त्याच्याकडेही त्या वगळल्या जात असतील."

"मग कळवायला हवं त्यांना."

"हवंच. तुम्ही कळवा."

"मी?" काकांची पाचावर धारण बसली. "मॅडम, मी तारा जोडणारा माणूस. तिथं मोठमोठे लोक. झटपटला सांगा ना."

"सापडलं तुम्हाला. खाली नाव तुमचं यायला हवं."

अशी दुरुस्ती पाठवायची रीत असते. बदललेली ओळ, तिच्यावर बदलाचं कारण, खाली पूर्ण नाव, आणि हे सगळं एका सार्वजनिक मेलिंग लिस्टवर, म्हणजे हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर. काकांनी दोन दिवस खपून मेल लिहिलं आणि पाठवलं. दहा मिनिटांत ते परत आलं. नटवलेली, रंगीत अक्षरांची मेलं तिथं दारातच अडवतात; साधा मजकूर हवा.

दुसरं मेल आत गेलं, पण एका यंत्राचं उत्तर आलं: दुरुस्ती मूळ यादीत बसत नाही.

काकांनी मूळ यादी आणि आपलं मेल, दोन्ही कागद छापून घरी नेले. बायकोनं मूळची यादी आणि मेलमधली यादी शेजारी शेजारी ठेवली, पट्टी लावली. "तुमची ओळ केसभर आत सरकलीय," ती म्हणाली. "इतरांच्या डावीकडची मोकळी जागा वेगळी आहे." खरंच होतं. मूळ यादीत टॅब, म्हणजे एकाच खुणेनं सोडलेली रुंद मोकळी जागा होती, मेल लिहिणाऱ्या प्रोग्रामनं त्याच्या जागी गुपचूप सुट्या स्पेस घातल्या होत्या. एरवी डोळ्यांना न दिसणारा फरक, पण यंत्राला चालत नव्हता आणि तिलाही.

मग तिनं वरचा मजकूर वाचला आणि लाल पेन उघडलं.

"हे काय? 'मी या क्षेत्रात नवखा आहे, माझं काही चुकलं असल्यास उदार मनाने'... अहो, हे लग्नाचं आमंत्रण आहे का?" तिनं चार ओळी खोडल्या. "शुद्धिपत्र कसं असतं? अमुक पानावर अमुक छापलंय, ते तमुक वाचावं. त्यात छापखाना रडत नाही."

"पण नियंत्रण कक्षाचं लिहू का?"

ती विचारात पडली. "लिहा. एका वाक्यात. कुणाचं नाव नको. का महत्त्वाचं आहे ते कळायला हवं."

तिसरं मेल आत गेलं आणि टिकलं. दोन दिवस काही नाही. काका दर तासाला टपाल उघडून बघत, आणि कुणी पाहिलं तर पडदा बदलत. तिसऱ्या दिवशी मेंटेनरचं, म्हणजे कर्नेलच्या त्या भागाची देखरेख करणाऱ्या माणसाचं, उत्तर आलं. उत्तर अडीच ओळींचं होतं. यादीतली नावं वर्णक्रमानं असतात, तेव्हा तुम्ही घातलेलं नाव दोन ओळी वर न्या, बाकी ठीक.

"बाकी ठीक!" काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की झटपट खुर्चीतून उठून आला.

चौथं मेल स्वीकारलं गेलं. काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, त्या लिखाणाच्या इतिहासात लागलं. झटपटनं ते पान पडद्यावर मोठं करून सगळ्यांना बोलावलं. काका कान लाल होऊन उभे राहिले.

त्याच आठवड्यात काकांच्या मेलखाली दोन अनोळखी माणसांची उत्तरं आली. एकानं लिहिलं होतं की त्यांच्याकडेही या चाचण्या दोन वर्षं वगळल्या जात होत्या आणि कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्यानं नुसते आभार मानले होते. काकांनी दोघांनाही साध्या मजकुरात उत्तर लिहिलं. बायकोला न दाखवता.

मग मेंटेनरचं आणखी एक मेल आलं. या वेळी विचारणा होती. शेजारच्या फोल्डरांमधल्या याद्याही अशाच असू शकतील, तुम्ही पाहिल्यात का? नसतील पाहिल्या तर पाहाल का? आम्ही सगळे बांधतो तिथंच चालवतो, त्यामुळे आम्हाला हे दिसत नाही.

काकांनी ते मेल मॅडमना दाखवलं. मॅडमनी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"किती फोल्डर आहेत?"

"नेटवर्कचे तेवीस."

"मग एक यंत्र वेगळं काढून देते. कोरं. त्यावर पॅकेजशिवाय काही असायला नको. आठवड्यातला एक दिवस याच्यासाठी धरा. आणि..." त्यांनी झटपटकडे पाहिलं.

"मी येतो ना," झटपट म्हणाला. "म्हणजे, काकांना चालणार असेल तर."

"चालेल की," काका म्हणाले. "पण मोबाईल बाजूला ठेवायचा."

बुधवारी सकाळी कोरं यंत्र आलं. काकांनी त्याच्या तारा स्वतः जोडल्या, पहिल्या फोल्डराचं पॅकेज चढवलं आणि चाचण्या सुरू केल्या. उन्हाचा एक पट्टा टेबलावर पडला होता. दोघं शेजारी शेजारी खुर्च्या ओढून बसले, निकालाच्या शेवटच्या ओळीपासून वर चढू लागले. सहाव्या ओळीवर झटपटनं पडद्याला बोट लावलं.

"काका, ही बघा. सोबती यादीत आहे, पॅकेजमध्येपण आहे, तरी सापडत नाही म्हणतेय."

काकांनी नाक पडद्याला लावलं. यादीतलं नाव पाहिलं, चाचणीतलं पाहिलं. मग ते हसायला लागले.

"अरे, चाचणीत स्पेलिंग चुकलंय नावाचं. लिहिणाऱ्यानं एक अक्षर खाल्लंय." त्यांनी वही पुढे ओढली. "लिहून घे. आणि या खेपेला मेल तू लिही. मी तपासतो."